उदासी, खाण्याचे झटके आणि एक गोळी

मराठीत जास्त खाणाऱ्या माणसासाठी शब्दांचा तुटवडा नाही. खादाड, हावरट, अधाशी, बकासुर. आमच्या कृष्णाकाठी पोराने आणखी एक भाकरी मागितली की घरातली म्हातारी माणसे विचारायची, “भस्म्या झालाय का रे तुला?” यांतला भस्म्या हा शब्द तेवढा मुळात रोगाचा. आयुर्वेदातल्या भस्मक रोगात जठराग्नी असा भडकतो की खाल्लेले सारे भस्म होते आणि भूक शमत नाही. बाकीचे शब्द स्वभावाला लावायचे, म्हणजे शिवीच्याच जातीचे. या लेखात ज्या विकाराबद्दल लिहितो आहे, तो यांतल्या एकाही शब्दात बसत नाही. त्यात पोटाला भूक नसते, जिभेला चव लागत नाही आणि खाणाऱ्याला आनंद तर मुळीच नसतो.

मी डॉक्टर नाही. कऱ्हाडात हिशेबनीसाचे काम करता करता मानसिक आजारांवरचे संशोधन वाचण्याचा नाद लागला, आणि तो नाद आता बारा-तेरा वर्षांचा झाला. त्या निमित्ताने सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पुष्कळ माणसे भेटली, काहींनी मनातले सांगितले. त्यांच्याकडून एक प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळाला : “नैराश्याची गोळी घेतली की हे खाणे थांबेल का? आणि वजन उतरेल का?” या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेल्या माहितीवरून जेवढे प्रामाणिक उत्तर देता येईल तेवढे देण्याचा हा प्रयत्न आहे.

विकार कशाला म्हणायचे?

दिवाळीत चार चकल्या जास्त खाल्ल्या, लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह मोडवला नाही, हा विकार नव्हे. ते सगळे करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. विकारात झटका येतो. सांगलीतल्या एका शिक्षिकेने तो मला सांगितला तसा लिहितो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. रात्री घर झोपले की त्या स्वयंपाकघरात जात. दिवा न लावता, ओट्याशी उभ्यानेच भडंगाचा अख्खा पुडा संपे. मग दुपारच्या उरलेल्या चार-पाच पोळ्या तूपसाखर लावून. मग पाहुण्यांसाठी आणून ठेवलेले कंदी पेढे. “चव कळत नाही हो. हात चालतच राहतो. आपण हे काय करतोय हे कळत असतं, पण थांबवणारं कुणी आत उरलेलंच नसतं,” असे त्या म्हणाल्या. सकाळी रिकामा पुडा पर्समध्ये लपवून त्या एसटी स्टँडवरच्या कचराकुंडीत टाकत. घरच्या कचऱ्यात तो कुणाला दिसायला नको.

या वर्णनात विकाराची जवळपास सगळी लक्षणे आहेत. ठरावीक वेळात, म्हणजे साधारण दोन तासांत, इतर कुणी खाणार नाही इतके खाणे आणि त्या वेळी स्वतःवरचा ताबा सुटल्याची जाणीव असणे, या दोन गोष्टी मुख्य. त्यांच्या जोडीला भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकट्याने खाणे, आणि नंतर स्वतःची किळस, अपराधीपणा किंवा खिन्नता वाटणे, या पाचांपैकी किमान तीन. असे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर डॉक्टर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. आपण त्याला अतिखाण्याचा विकार म्हणू. खाल्लेले उलटी काढून बाहेर टाकणे, जुलाबाची औषधे घेणे असले उपाय माणूस नियमित करत असेल, तर तो बुलिमिया हा वेगळा आजार ठरतो.

अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९५९ मध्ये या झटक्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पण स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत त्याला जागा मिळायला २०१३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणात तो आहे आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळ डॉक्टरांनी शिक्षण घेतले तेव्हा हा आजार पाठ्यपुस्तकात पूर्ण आजार म्हणून नव्हताच. आपल्याकडे त्याचे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे हेही एक कारण असावे.

हा आजार फक्त जाड माणसांना होतो असे नाही, आणि प्रत्येक जाड माणसाला तो असतो असेही नाही. पुरुषांनाही तो होतो. चौदा देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१३ मध्ये जो अंदाज निघाला, त्यात आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण सुमारे १.९ टक्के होते, म्हणजे बुलिमियाच्या जवळपास दुप्पट.

उदासीशी नाते

अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले, की अतिखाण्याचा विकार असलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य किंवा त्या गटातला दुसरा एखादा आजार झालेला होता. हे दोन आजार एकमेकांना कसे धरून असतात, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण उपचाराचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली वाट उदासीकडून खाण्याकडे जाते. मन बधिर झालेले असते, दिवस सरत नाही. गोड-तळलेले पोटात गेले की थोडा वेळ आतला कोलाहल थांबतो. तेवढ्या दहा मिनिटांसाठी माणूस पुन्हा पुन्हा तिकडे वळतो. दुसरी वाट उलटी, खाण्याकडून उदासीकडे. झटका ओसरला की लाज येते, लाजेतून लपवाछपवी, लपवाछपवीतून एकटेपण, आणि एकटेपणातून उदासी अधिक गडद होते.

तिसरी वाट आपल्या समाजाला फार ओळखीची आहे. ती उपाशी राहण्यातून निघते. रात्रीच्या झटक्याची भरपाई म्हणून माणूस सकाळी ठरवतो, आज काही खायचे नाही. दुपार निभते, संध्याकाळ कशीबशी जाते आणि रात्री बांध फुटतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो, पण तिने या विकाराचे यंत्रच नेमके पकडले आहे. श्रद्धेने उपास करणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही. ज्याला झटके येतात, त्याच्यासाठी मात्र लांबलेला उपास हा पुढच्या झटक्याची तयारी ठरतो. गेल्या काही वर्षांत ‘दिवसातून दोनदाच जेवा’ की ‘दर दोन तासांनी खा’ या वादात महाराष्ट्र रंगला होता. कोणाचे बरोबर हा या लेखाचा विषय नाही. एवढेच सांगतो, की झटके येणाऱ्या माणसाने कोणताही कडक आहारनियम डॉक्टरांना झटक्यांविषयी सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

गोळीचा जन्म क्षयाच्या दवाखान्यात

नैराश्यावरच्या औषधांना सर्रास अँटिडिप्रेसंट म्हणतात. त्यांच्या जन्माची हकीकत आपल्या भागाला जवळची वाटेल, कारण मिरज आणि सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीचे नावच क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाशी जोडलेले आहे. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे ते नाव. क्षयावर औषध नव्हते त्या काळी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार असे, आणि रोग्याचे वजन वाढले की तो बरा होऊ लागला असे मानत.

१९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवरील सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही नवी औषधे देऊन पाहिली गेली. मरणाची वाट पाहणारे रोगी उठून हिंडू-फिरू लागले, हसू-बोलू लागले. त्यांची भूक वाढली, वजनेही वाढली. यांतल्या इप्रोनियाझिडचा मनावरचा परिणाम पाहून १९५७ मध्ये नेथन क्लाइन आणि इतरांनी ते नैराश्यासाठी वापरले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामीनचा गुण दिसला. ज्या औषधकुळातून पुढे नैराश्याचा उपचार उभा राहिला, त्याच्या अगदी पहिल्या खुणांपैकी एक ‘भूक वाढली’ ही होती. क्षयरोग्याला ते वरदान होते. रात्री ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला तीच गोष्ट शाप होऊ शकते.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेले फ्लुओक्झेटीन आणि त्याच्या भावकीतली सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे औषधे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. सेरोटोनिनचा संबंध मनःस्थितीशी आहे तसाच पोट भरल्याच्या जाणिवेशीही आहे. त्यामुळे संशोधकांना वाटले, की या गोळ्या एका दगडात दोन पक्षी मारतील. ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ हे समीकरण मात्र शाळेतल्या फळ्यावरच्या चित्राइतके ढोबळ आहे. औषध उपयोगी पडते हे खरे. ते नेमके कसे, याचे उत्तर इतके सोपे नाही.

चाचण्या काय सांगतात?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अतिखाण्याचा विकार असलेल्या १०८ जणांवर झालेली एक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे चार गट केले. एकाला फ्लुओक्झेटीन रोज ६० मिलिग्रॅम, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला विचार आणि वागणूक बदलण्याचा मानसोपचार अधिक फ्लुओक्झेटीन, चौथ्याला तोच मानसोपचार अधिक औषध नसलेली गोळी. सोळा आठवड्यांनंतर झटके पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण असे होते : फक्त फ्लुओक्झेटीन २२ टक्के, फक्त खोटी गोळी २६ टक्के, मानसोपचार आणि फ्लुओक्झेटीन ५० टक्के, मानसोपचार आणि खोटी गोळी ६१ टक्के.

हे आकडे दोनदा वाचावेत. एकट्या गोळीचा झटक्यांवर खोट्या गोळीपेक्षा अधिक परिणाम दिसला नाही. मानसोपचाराने मात्र निम्म्याहून अधिक माणसे सुटली. दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे खोट्या गोळीवरही चौथा हिस्सा लोकांचे झटके थांबले. कुणीतरी नियमित विचारपूस करते, आपण काय खाल्ले याची नोंद होते, लपवलेली गोष्ट उघड होते, याचाही त्यात वाटा असणार. म्हणूनच ‘मला अमुक गोळीने गुण आला’ या एकट्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

एका चाचणीवर विसंबून राहू नये हे खरे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात नव्या पिढीच्या अँटिडिप्रेसंटमुळे झटके पूर्ण थांबण्याची शक्यता खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे १.६७ पट निघाली. म्हणजे गोळ्यांचा उपयोग शून्य नाही, पण माफक आहे. प्रशिक्षित उपचारकाने दिलेल्या मानसोपचाराचा आकडा पाच पटींच्या जवळ गेला. इथे एक सावधगिरी हवी. गोळीची तुलना खोट्या गोळीशी होती, तर मानसोपचाराची तुलना उपचाराच्या प्रतीक्षायादीत नुसते थांबलेल्या लोकांशी. नुसते थांबलेल्यांपेक्षा सरस ठरणे त्यामानाने सोपे असते. तरीही येलच्या चाचणीशी जोडून पाहिले तर कल स्पष्ट दिसतो.

अतिखाणे आणि नैराश्य हे दोन्ही एकत्र असलेल्या लोकांवर खास केलेल्या चाचण्या फार थोड्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा ४० जणांना बारा आठवडे ड्युलोक्सेटीन किंवा खोटी गोळी दिली. ड्युलोक्सेटीनच्या गटात झटक्यांचे दिवस अधिक कमी झाले, पण नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या गुणांमध्ये दोन गटांत ठळक फरक पडला नाही. ४० हा आकडा लहान आहे. त्यावरून धोरण ठरत नाही, फक्त पुढे शोधण्याची दिशा कळते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये या सगळ्याचा अर्थ एका शिफारशीत लावला : अतिखाण्याच्या विकारावर केवळ औषध हा एकमेव उपचार म्हणून देऊ नये.

मग गोळी घ्यायचीच नाही का?

असे मुळीच नाही, आणि हा गैरसमज झाला तर लेख लिहून उपयोग नाही. नैराश्य हा स्वतंत्र, कधी कधी जिवावर बेतणारा आजार आहे, आणि त्यावर औषध काम करते. आपल्या शेजारच्या गोव्यात, दोन जिल्हा रुग्णालयांतल्या ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंतेचे साधे आजार असलेल्या या रुग्णांत दोन महिन्यांनी फ्लुओक्झेटीन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले. हे रुग्ण आपल्यासारखेच होते, सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहणारे. उदासीने ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला ‘खाण्याची वही लिही, वेळेवर जेव’ म्हणणे व्यर्थ आहे. गोळीने मन थोडे वर आले की दुसरा उपचार हाती धरण्याची ताकद येते. गोळीचे काम तिथपर्यंतचे आहे, हे आधीच कळले तर अपेक्षाभंग होत नाही आणि माणूस ती अर्ध्यात सोडत नाही.

कोणती गोळी, हा प्रश्न मात्र दोन्ही आजार एकत्र असताना फार महत्त्वाचा होतो. मिर्टाझापीनने झोप चांगली लागते, पण भूक आणि वजन वाढते. अमिट्रिप्टिलीन आणि पॅरोक्सेटीननेही वजन वाढू शकते. झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या रुग्णाला मिर्टाझापीन योग्य ठरेल, पण तेच औषध झटके येणाऱ्याला अडचणीत टाकू शकते. फ्लुओक्झेटीन वजनाच्या बाबतीत बहुधा तटस्थ असते. ब्युप्रोपिऑनने भूक कमी होते, पण ज्याला बुलिमिया आहे किंवा पूर्वी होता त्याला ते देत नाहीत, कारण आकडी येण्याचा धोका वाढतो. म्हणजे रुग्ण उलट्या काढतो की नाही, ही लाजेने लपवलेली एक गोष्टसुद्धा औषधाची निवड बदलते.

वर सांगितलेल्या शिक्षिका दोन वर्षे उदासीसाठी औषध घेत होत्या. रात्रीच्या खाण्याबद्दल त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितले नव्हते आणि डॉक्टरांनाही ते कळायला मार्ग नव्हता. त्यात विचारपूस करण्याच्या साधनांचीही मर्यादा आहे. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही यादी आपल्याकडेही वापरतात. तिचा पाचवा प्रश्न एकाच दमात विचारतो : भूक कमी लागते किंवा जास्त खाल्ले जाते? दोन्ही उत्तरांना गुण सारखेच. आशाताई घरोघरी जो आरोग्यतपासणीचा अर्ज भरतात, त्यात मनाविषयी दोनच प्रश्न आहेत, रस न वाटणे आणि उदास वाटणे. खाण्याचे झटके विचारणारा प्रश्न कुठेच येत नाही. मग जे विचारले जात नाही ते रुग्णालाच सांगावे लागते.

गोळी सुरू झाल्यावरच्या चार साध्या गोष्टी सांगतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा येतो, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, त्यामुळे त्रास आधी आणि फायदा मागून असा क्रम असतो. बरे वाटले म्हणून गोळी लगेच थांबवायची नाही. साधारणपणे बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने ती चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवावे. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर वारंवार तपासावी, कारण झटके आणि गोळी दोन्हींमुळे ती वरखाली होऊ शकते.

आणखी एक. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅमबरोबर क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते. क्लोनाझेपामची सवय लागते. आपल्या पाकिटावर एक नाव आहे की दोन, हे वाचावे आणि दुसरे किती दिवसांसाठी आहे ते डॉक्टरांना विचारावे.

वजनाचा मोह

‘वजन उतरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. अँटिडिप्रेसंटने झटके थोडे कमी झाले तरी वजनात म्हणावा असा फरक पडत नाही. मानसोपचाराने झटके थांबलेल्यांचेही वजन फारसे उतरत नाही. ते वाढत जायचे थांबते, इतके मिळाले तरी पुष्कळ. वजन हेच यशाचे माप धरले तर झटके थांबलेला माणूसही स्वतःला नापास ठरवतो, पुन्हा उपाशी राहतो आणि पुन्हा चक्रात सापडतो.

बारीक करणाऱ्या गोळीचा इतिहास सावध करणारा आहे. सिब्युट्रामीन हे औषध मुळात अँटिडिप्रेसंट म्हणून शोधले गेले, पुढे वजन उतरवण्यासाठी जगभर विकले गेले, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले. पाठोपाठ भारतातही त्यावर बंदी आली. अमेरिकेने २०१५ मध्ये अतिखाण्याच्या विकारासाठी लिस्डेक्सॲम्फेटामीन या औषधाला परवानगी दिली. ते अँटिडिप्रेसंट नव्हे, उत्तेजक आहे, सवय लागण्याचा धोका बाळगून आहे, आणि ते वजन कमी करण्यासाठी नाही असे त्याच्या परवानगीतच लिहिलेले आहे.

बोलण्याचा उपचार आणि आपले जिल्हे

मानसोपचारात नेमके काय करतात? ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेली पद्धत सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. तिची पहिली पायरी कुणालाही कळेल अशी आहे. वही घ्यायची आणि खाल्ले की त्याच वेळी लिहायचे : काय, कधी, कुठे, आणि मनात काय चालले होते. दुसरी पायरी नियमित खाण्याची. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी, दोहोंत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही, झटका येऊन गेला तरी पुढचे जेवण चुकवायचे नाही. ज्याने वर्षानुवर्षे उपाशी राहून प्रायश्चित्त घेतले, त्याला हे उलटे वाटते, पण अनेकांचे झटके या एका बदलानेच कमी होतात. पुढे झटक्याआधीची वेळ ओळखणे, त्या वेळी दुसरे काही करणे, आणि शरीराविषयीचे कडक नियम सैल करणे असे टप्पे येतात.

मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. पण जत, आटपाडी, माण, पाटणच्या माणसाला दर आठवड्याला तासभर बसणारा उपचारक कुठून मिळणार? याच ठिकाणी संशोधनातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शिकेत अतिखाण्याच्या विकारावरचा पहिला उपचार आहे मार्गदर्शित स्वयंमदत. रुग्णाने एक पुस्तिका घेऊन स्वतः काम करायचे आणि सोळा आठवड्यांत चार ते नऊ वेळा, वीस-वीस मिनिटे, कुणीतरी सोबत बसून विचारपूस करायची. त्याला मोठा तज्ज्ञ लागत नाही.

गोव्यात संगत या संस्थेने केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पदवीशिवायच्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या सल्लागारांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के होते. नेहमीच्या उपचारावर ठेवलेल्यांत ते ३९ टक्के. म्हणजे आपल्यासारख्या गावांत, आपल्यासारख्या केंद्रांत, साध्या माणसांच्या हातून हे होऊ शकते.

साताऱ्यात अशा कामाची परंपरा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या परिवर्तन संस्थेने व्यसनमुक्तीचे काम केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर व सहकाऱ्यांच्या पुढाकाराने मानसमित्र म्हणून साधे कार्यकर्ते प्रशिक्षित झाले. दारूच्या बाबतीत आपल्या समाजाने एक मोठा धडा शिकला, की दारुड्या हा चारित्र्यहीन नसून रुग्ण आहे. खाण्याच्या झटक्यांविषयी तो धडा अजून शिकायचा आहे. मराठीत एक चांगली पुस्तिका, आपल्या खाण्यातल्या उदाहरणांसह, आणि तालुक्याला चार-पाच प्रशिक्षित मानसमित्र, एवढ्या भांडवलावर सातारा-सांगलीत सुरुवात करता येईल. ज्यांच्या हाती संस्था आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे अशी माझी या अंकाच्या निमित्ताने विनंती आहे.

तोवर ज्याला हे वाचून स्वतःची ओळख पटली असेल, त्याने डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात. तोंडून निघत नसेल तर कागद पुढे करावा. आठवड्यात किती वेळा ताबा सुटून खाणे होते. उलट्या, जुलाबाची औषधे किंवा लांबलचक उपास होतात का. सध्या कोणती औषधे चालू आहेत आणि ती सुरू झाल्यावर भूक वाढली का. स्वतःला किंवा घरात कुणाला कधी अति उत्साहाचे, झोपेविना फिरण्याचे दिवस आले होते का. कारण तसे असेल तर एकटे अँटिडिप्रेसंट धोक्याचे ठरू शकते. आणि जगणे नकोसे वाटते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरच्यांसाठीही एक सांगणे आहे. डब्यांना कुलूप लावू नका, ताटावर नजर ठेवू नका, भाऊबीजेला जमलेल्या मंडळींत कुणाच्या अंगाविषयी शेरा मारू नका. तिन्ही वेळेला आपल्याबरोबर जेवायला बसवा. त्या शिक्षिकेने अखेर डॉक्टरांना सगळे सांगितले, औषध बदलले, वही सुरू झाली. झटके पूर्ण थांबलेले नाहीत, महिन्यातून एखादा येतो. रिकामा पुडा मात्र आता घरच्याच कचऱ्यात जातो, असे त्यांनी मला सांगितले.